पुण्याच्या कंपनीचा कॉम्प्युटर आणि आपल्या शाळेतली कुलूपबंद खोली

पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट शेवटच्या पाच मागण्या वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन निवांत बसा.

सध्या आपल्याकडे भाषण कुणाचंही असो, एक वाक्य ठरलेलं असतं. "प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब देणार." लगेच टाळ्या. टॅबवर फोटो कुणाचा छापायचा यावर चर्चा होते, वाटप कुणाच्या हस्ते करायचं यावर तर भांडणं होतात. त्या टॅबवर पोरगं शिकणार काय, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतोय. आणि विचारण्याआधी तुम्हाला एका जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगतोय, कारण आज आपण जी चूक करतोय ती त्या गोष्टीत स्पष्ट दिसते.

एप्रिल १९८२. इंग्लंडमध्ये सर क्लाईव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा कॉम्प्युटर बाजारात आणला. (ते 'सर' नंतर झाले, पण असू द्या.) तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेच्या हेड ऑफिसात एसी खोलीत ठेवायची वस्तू. हा गडी एका वहीएवढा. रबराची बटणं, आत झेड-एटी नावाची चिप, मेमरी १६ केबी किंवा ४८ केबी. किंमत १२५ आणि १७५ पौंड. स्क्रीन वेगळी घ्यायची नाही, घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर घालायची. डिस्क नाही, प्रोग्रॅम साठवायचा तो गाण्याच्या कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरने.

४८ केबी म्हणजे किती? सकाळी सकाळी ग्रुपवर येतो ना तो गुलाबाचा 'शुभ सकाळ' फोटो, तो एक फोटोसुद्धा त्या मशीनच्या अख्ख्या मेमरीत मावला नसता. आणि एवढ्याशा मेमरीत लोकांनी हिशोब केले, गेम लिहिले, धंदे उभे केले. मॅथ्यू स्मिथ नावाच्या पोराने मिसरूड फुटायच्या वयात १९८३ ला 'मॅनिक मायनर' हा गेम याच मशीनसाठी लिहिला आणि तो देशभर खपला.

आता आपल्या जवळची गोष्ट. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नवीन कॉम्प्युटर धोरण आणलं, परवाने आणि आयातीची बंधनं सैल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९८६ ला, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या पुण्याच्या कंपनीने सिंक्लेअरचा रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. होय, आपल्या पुण्याच्या कंपनीने. आपल्या गावातून सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो त्या पुण्याच्या. गंमत बघा, त्याच १९८६ च्या एप्रिलमध्ये तिकडे इंग्लंडात सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा 'अ‍ॅमस्ट्रॅड'ला ५० लाख पौंडांना विकून टाकला होता. तिकडे मालक बदलला आणि इकडे पुण्याच्या नावावर कॉम्प्युटर निघाला. पुढची चार-पाच वर्षं तो देशभर विकला गेला, शाळांत गेला, क्लासेसमध्ये गेला, घरात गेला. नव्वदच्या आसपास मोठे पीसी आले आणि तो मागे पडला.

हे आपल्या किती शिक्षकांना माहीत आहे? किती पोरांना कुणी सांगितलं? पुण्याच्या आयटी पार्कची सहल निघते, तिथल्या काचेच्या इमारतीपुढे फोटो निघतात. त्याआधी या शहराच्या कंपनीने घरगुती कॉम्प्युटर विकला होता हे मात्र कुठल्या फलकावर दिसत नाही.

१९८८ ला मी शिकायला पुण्यात असताना एका मित्राच्या घरी हे मशीन पाहिलं. आपल्याकडे तेव्हा टीव्हीच बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे रामायण बघायचा टीव्ही दुसऱ्या कामालाही येतो हेच मला नवीन होतं. पण मी इथं आठवणींचे कढ काढायला बसलेलो नाही. त्या मशीनची एक खोड सांगायची आहे.

चालू केलं की ते काहीच करायचं नाही.

रंगीत चित्र नाही, बोटाने दाबायला चौकोन नाहीत, "स्वागत आहे" नाही. खाली एका ओळीत कंपनीचं नाव आणि १९८२ साल, बस्स. नंतर गप्प. तुम्ही काहीतरी सांगाल म्हणून वाट बघत बसायचं. सांगायचं ते 'बेसिक' नावाच्या भाषेत. ही भाषा आतच भरलेली, वेगळी विकत घ्यायची नाही. प्रिंट म्हटलं की छापणार, इनपुट म्हटलं की विचारणार, गो टू म्हटलं की त्या ओळीवर जाणार. साधा गेम कॅसेटवरून घ्यायचा तरी आधी 'लोड' हा हुकूम द्यावाच लागायचा. आळशातल्या आळशी पोरालाही पहिल्या मिनिटात एक गोष्ट कळायची: हे मशीन माझं ऐकतं, पण मी नीट सांगितलं तरच.

आणखी एक. त्या मशीनमध्ये इंग्रजी अक्षरं होती, मराठी नव्हती. पण २१ अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या, ज्यात तुम्ही स्वतःचं अक्षर काढू शकत होता. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरं. ठिपका हवा तिथं १, नको तिथं ०. म्हणजे देवनागरीची शिरोरेघ काढायची तर पहिल्या ओळीत आठही घरांत १. हीच ओळ आकड्यात लिहिली की २५५. काना काढायचा तर खालच्या प्रत्येक ओळीत एकाच ठरावीक घरात १. अशा आठ ओळी भरल्या की पडद्यावर 'न' उमटायचा. मित्राच्या धाकट्या भावाने त्यात स्वतःचं नाव मराठीत काढलं होतं. सातवीतलं पोरगं! अक्षर म्हणजे आकडे, आकडे म्हणजे चालू-बंद, हे त्याला कुठल्या पुस्तकाशिवाय कळलं. आज दहावीच्या पोराला विचारा, मोबाईलवर 'न' कसा दिसतो? तो म्हणेल, "दिसतो की."

आता कुणी म्हणेल, ही चैन पुण्याच्या डॉक्टर-इंजिनियरच्या पोरांची. बरोबर आहे. म्हणूनच सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना काढली होती. सुरुवातीला देशातल्या २५० शाळा घेतल्या आणि त्यात कॉम्प्युटर दिले ते 'बीबीसी मायक्रो'. स्पेक्ट्रमचाच समकालीन, इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा, तिथल्या शाळांसाठी बनवलेला. तोही चालू केला की बेसिक समोर ठेवून वाट बघणारा.

आता दोन्हीकडचं पीक बघा. तिकडे शाळेशाळेत हेच मशीन, टीव्हीवर त्याचे कार्यक्रम, घरात पोरं प्रोग्रॅम लिहितायत. त्याच एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःची चिप तयार केली. एप्रिल १९८५ ला ती पहिल्यांदा चालली. तिचं नाव एआरएम. तुम्ही ही पोस्ट ज्या मोबाईलवर वाचताय ना, त्याच्या आत बहुतेक त्याच घराण्याची चिप आहे. शाळेसाठी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या पोटातून जगभरच्या मोबाईलचं काळीज निघालं.

आपल्याकडे मशीन आलं, पण त्याच्या मागून यायला हवं ते आलं नाही. मास्तरांची तयारी, मराठीतलं साहित्य, दुरुस्ती, आणि पोराला रोज हात लावायला मिळणं. आणि ही रीत आजपर्यंत चालू आहे. मशीन येतं, नारळ फुटतो, खोलीला कुलूप लागतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. का? "पोरं बिघडवतात." अहो, बिघडवतील नाहीतर काय! बैल शिकवायचा म्हणून त्याला गोठ्यातच बांधून ठेवतो का आपण?

आपल्या भागातल्या एका शाळेतले (नाव घेत नाही) जुने कॉम्प्युटर मागच्या वर्षी किलोवर भंगारात गेले. त्यातला एक मी टेम्पोवाल्याकडून पाचशे रुपयांना घेतला, धूळ झाडली, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवली, चालू झाला. आत एकाही पोराने लिहिलेली एक ओळ नव्हती. वर्षानुवर्षं ते मशीन शाळेत होतं आणि त्याच्यावर कुणी काही लिहिलंच नव्हतं. माझा राग भंगारवाल्यावर नाही. त्याने निदान त्या वस्तूची किंमत तरी केली.

"बरं, पण आपल्या शेतकऱ्याच्या पोराला हे प्रोग्रॅमिंग करायचंय काय?" हा प्रश्न मला पारावर नेहमी विचारतात. याचं उत्तर दुधाच्या पावतीवर आहे.

रोज सकाळी डेअरीत दूध घालतो. मशीन फॅट दाखवतं, एसएनएफ दाखवतं, चिठ्ठी बाहेर येते, त्यावर दर आणि रक्कम. आपण चिठ्ठी खिशात घालतो. तो दर आला कुठून? कुणीतरी एक सूत्र लिहून ठेवलंय. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, त्याच्या खाली गेलं की एका पॉइंटला इतकी कपात. हे सूत्र म्हणजेच प्रोग्रॅम. मराठीत लिहून दाखवतो, खऱ्या मशीनवर हुकमाचे शब्द इंग्रजीत असतात इतकंच:

१० विचार: लिटर किती
२० विचार: फॅट किती
३० जर फॅट ३.५ पेक्षा कमी, तर दर = मूळ दर वजा (कमी पडलेले पॉइंट गुणिले कपात)
४० जर फॅट ३.५ पेक्षा जास्त, तर दर = मूळ दर अधिक (वाढलेले पॉइंट गुणिले वाढ)
५० छाप: लिटर गुणिले दर

एसएनएफच्या अशाच आणखी दोन ओळी. सातवीतल्या पोराचं काम आहे हे. पण ही तिसावी आणि चाळिसावी ओळ लिहिताना ते पोरगं बापाला एक प्रश्न विचारणारच: "पप्पा, एक पॉइंट कमी झाला तर किती कापतात, आणि एक पॉइंट वाढला तर किती देतात? दोन्ही सारखंच आहे का?"

बस्स. मला हा प्रश्न पाहिजे. हा प्रश्न विचारणारी पिढी पाहिजे. टॅबवर व्हिडिओ बघून हा प्रश्न पडत नाही. स्वतः सूत्र लिहायला बसल्यावर पडतो. ज्याच्या हातात सूत्र, त्याच्या हातात हिशोब. ऊस आपला, दूध आपलं, आणि सूत्र नेहमी दुसऱ्याचं, हे किती दिवस चालवायचं?

कारखान्यांचंही तेच. १९९८ ला वारणेला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत ५४ केंद्रांवर कॉम्प्युटर बसवले. देशभर गाजावाजा झाला, आणि काम चांगलंच होतं, शेतकऱ्याला उसाच्या नोंदी गावात मिळायला लागल्या. पण काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन बघितलं तर त्या कॉम्प्युटरचा मुख्य उपयोग उरला होता तो उसाच्या नोंदी आणि वजन बघण्याचा. तेवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला, एसएमएस पुरेल, म्हणून काही गावांत तसा प्रयोगही झाला. यात शिकण्यासारखं हेच आहे की कॉम्प्युटर गावात आला म्हणजे गाव कॉम्प्युटरवाला होत नाही. खिडकीतून उत्तर मिळतं, पण प्रश्न आपल्याला ठरवता येत नाही.

एक गोष्ट मान्य करून टाकतो, म्हणजे उगाच वाद नको. २००१ ला एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी आली आणि गावागावातल्या लाखो पोरा-पोरींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला. हे मोठं काम आहे. आपल्या कितीतरी लेकी त्या सर्टिफिकेटवर नोकरीला लागल्या. पण अर्ज टाइप करणं, तक्ता भरणं, हे कॉम्प्युटर वापरणं झालं. त्याला काम सांगणं वेगळं. आपण पहिल्या पायरीलाच माडी समजून बसलो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग लिहिलंय. कागदावर. आपल्या किती शाळांत सहावीच्या पोराने आजवर एक तरी प्रोग्रॅम लिहिलाय, पालकांनी स्वतः जाऊन विचारावं.

दुसरा आक्षेप नवा आहे. "आता एआय आलंय, प्रोग्रॅम तेच लिहितं, पोरांनी कशाला डोकं लावायचं?" बरं. आपल्या शेजारी बारामतीत कृषी विज्ञान केंद्राने उसात एआयचा प्रयोग केला. जमिनीत सेन्सर, वरून उपग्रहाची माहिती, मोबाईलवर सल्ला. त्याची चर्चा जगभर झाली, आपल्याला अभिमानच आहे. उद्या ते आपल्या प्रत्येकाच्या रानात येईल. मोबाईल सांगेल, आज पाणी देऊ नका. पण तुमचा सेन्सर बिघडलेला असेल तर? त्याने वाळलेल्या रानाला ओलं म्हटलं तर? ते ओळखणारं माणूस गावात लागेल की नाही? की प्रत्येक वेळी पुण्याहून इंजिनियर येईपर्यंत ऊस वाळत ठेवायचा? सांगणारं यंत्र जितकं हुशार, तितका ते तपासणारा माणूस जास्त लागतो.

आणि तिसरा आक्षेप, ज्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं: "आपल्या पोरांना हे झेपायचं नाही." कोण म्हणतं? इथून जवळ वालचंदनगर आहे. ओसाड माळावर वालचंद शेठनी कारखाना उभा केला, आणि त्या गावात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार झाले. तिथं लेथवर उभे राहिलेले हात कुणाचे होते? आपल्याच भागातल्या, ऊस तोडणाऱ्या आणि गुरं राखणाऱ्या घरातल्या पोरांचे. ज्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप झेपलं, त्यांच्या नातवंडांना पाच ओळींचा प्रोग्रॅम झेपत नाही?

इंग्लंडातसुद्धा हा रोग झाला होता. स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो गेले, त्यांच्या जागी तयार मालाचे पीसी आले, आणि केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या पोरांना आधीसारखं काही येत नाही, हे तिथल्या मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी भाषणं केली नाहीत, टॅब वाटले नाहीत. एबेन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ ला 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर काढला, २५ ते ३५ डॉलरचा. टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा, लिहायला बसायचं. आत चिप तीच, एआरएमच्या घराण्यातली. २०२० ला तर त्यांनी कीबोर्डच्या आतच अख्खा कॉम्प्युटर बसवलेलं मॉडेल आणलं. बघितलं की वाटतं, स्पेक्ट्रमचा नातूच. म्हणजे इलाज माहीत आहे, स्वस्त आहे, बाजारात मिळतो. आपल्याकडे फक्त इच्छा नाही, कारण असल्या पत्त्याएवढ्या वस्तूवर कुणाचा फोटो छापता येत नाही.

म्हणून माझ्या पाच मागण्या. शाळा व्यवस्थापन समित्या, सरपंच, सदस्य आणि पालक, सगळ्यांना उद्देशून:

१) कुठल्याही शाळेतला कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी गावातल्या जाणत्या पोरांकडून तपासून घ्या आणि यादी ग्रामसभेपुढे ठेवा. जुन्या मशीनवर लिनक्स फुकट बसतं आणि शिकण्यापुरतं चांगलं चालतं.

२) खोलीचं कुलूप काढा. शाळा सुटल्यावर एक तास आणि शनिवारी दुपारी खोली उघडी. किल्ली आठवी-नववीच्या पोरा-पोरींच्या समितीकडे. बिघडलं तर बिघडलं, दुरुस्त करायला तीच शिकतील.

३) टॅबसाठी जो पैसा बोलला जातोय त्याच्या दहाव्या हिश्शात कीबोर्ड आणि छोटे बोर्ड घ्या. एचडीएमआयचं भोक असलेला जुना टीव्ही कुणी दिला तर त्याचं नाव फलकावर लावा, फोटोसकट लावा, माझी हरकत नाही.

४) शिकवायला माणूस नाही म्हणू नका. आपल्या गावातली किती पोरं-पोरी बारामतीला इंजिनियरिंग करतात, मोजा. महिन्यातून दोन शनिवार त्यांनी गावाला द्यावेत.

५) शिकवायचं ते आपल्या कामाचं आणि आपल्या भाषेत. पायथन ही भाषा फुकट आहे आणि तिच्यात नावं मराठीत देता येतात. 'दर', 'लिटर', 'फॅट' असं लिहिलं तरी चालतं. पहिला प्रोग्रॅम दुधाच्या पावतीचा, दुसरा ऊसबिलाचा, तिसरा विहिरीच्या मोटरच्या लाईटबिलाचा.

टॅबला माझा विरोध नाही. कुणी देत असेल तर घ्या. पण बघत बसणारं यंत्र घरोघरी आधीच आहे, मोबाईल म्हणतात त्याला. गावात कमी आहे ते सांगितल्याशिवाय हलत नाही असं यंत्र, आणि त्याला सांगू शकेल असं पोरगं.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांना पटलंय त्यांनी यावं, सही करावी, आणि घरातलं एक पोरगं सोबत आणावं. ज्यांना पटलं नाही त्यांनीही यावं आणि समोरासमोर बोलावं. येताना मागच्या दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या मात्र खिशात ठेवा. त्या पोरांना पाहिजेत.